तीन चाकांच्या फटफटीचा पुढील चिमटा व हँडलाचा भार

मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही गव्हाच्या आवकेविषयी किंवा हाथीखान्यातील जुन्या पेढ्यांविषयी काही लिहू, अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी माणसे बडोद्यात आहेत. आम्ही जो विषय घेतला आहे तो यंत्राचा आहे, आणि मॅट्रिकपलीकडे शिक्षण न झालेल्या धान्याच्या व्यापाऱ्याने त्यात हात घालावा हे काहींस विचित्र वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या मालाची ने-आण तीनचाकी वाहनांतून होते. ते वाहन चालविणारा मनुष्य आपला असतो. आणि त्याच्या हातांवर किती भार पडतो हे आपण कधी पाहिलेले नसते. आम्हीही पाहिले नव्हते. ते पाहण्याची पाळी कशी आली, हे प्रथम सांगितले पाहिजे.

आमच्याकडे सौराष्ट्रातून आणलेला एक छकडा होता. गुजरातेत राहणाऱ्यांस छकडा म्हणजे काय हे सांगावयास नको. पण ही स्मरणिका इंदूर, बेळगाव, हैदराबाद येथील बंधूंच्याही हाती जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. पुढचा भाग बुलेट मोटारसायकलीसारखा, म्हणजे तसेच हँडल, तसाच चिमटा, तसेच मोठे चाक. मध्ये एक सिलिंडरचे डिझेल एंजिन. आणि मागे दोन चाकांवर माल अगर माणसे नेण्याचा उघडा हौदा. आवाज असा की पाव मैलावरून ओळखावा. आसपासच्या गावांच्या किरकोळ दुकानदारांकडे पोती पोचविण्यास ही गाडी फार सोयीची पडे.

२०१२ च्या पावसाळ्यात तिचा पुढील चिमटा खड्ड्यात आदळून वाकला. आम्ही गाडी एका कारखान्यात दिली. त्या वेळी आमच्या पुतण्याने मिस्त्रीस परदेशी तीनचाकी फटफटीचे एक चित्र दाखविले. लांबलचक चिमटा, पुढे झुकलेला. दिसावयास मोठा डौलदार. अमेरिकेत १९६९ च्या 'ईझी रायडर' या चित्रपटानंतर अशा लांब चिमट्यांची जी हौस सर्वत्र पसरली, तिचेच ते एक अपत्य. मिस्त्रीही हौशी निघाला. ज्या नळीत हँडलाचा दांडा फिरतो ती नळी त्याने चौकटीपासून कापून अधिक तिरकी करून पुन्हा जोडली, आणि तिच्यात लांब चिमटा बसविला. पुतण्याचे म्हणणे असे की, तीनचाकी फटफटीला 'रेक' वाढवावाच लागतो, परदेशांत सगळे तसेच करतात. या वाक्यात अर्धे सत्य होते, आणि पुढील सर्व अनर्थ त्या अर्ध्या सत्यानेच केला.

आठवड्याभरातच आमचे चालक पेढीवर येऊन म्हणाले, "शेठ, हँडल फार जड झाले आहे. रात्री जेवताना हात थरथरतो." एकोणीस वर्षे आमच्याकडे राहिलेला हा मनुष्य, त्याने यापूर्वी कधी कामाची तक्रार केलेली आम्हांस आठवत नाही. आम्ही उत्तर दिले की, नवी वस्तू अंगवळणी पडावयास वेळ लागतो. दुसऱ्यांदा ते बोलले तेव्हा आम्ही किंचित त्रासूनच बोललो. तिसऱ्यांदा ते आले नाहीत.

दीड महिन्याने, बाजारातून बाहेर पडण्याच्या वळणावर, गाडी अगदी हळू चाललेली असताना, एका सायकलवाल्या मुलास वाट देण्यासाठी त्यांनी हँडल डावीकडे वळविले. ते हवे तितके वळून थांबावयाचे, ते थांबले नाही. पुढे आपोआप खाली पडत गेले. पुढचे चाक गटारात उतरले आणि गहू भरलेली गाडी एका अंगावर कलंडली. मुलास काही झाले नाही. आमच्या चालकाचे मनगट मोडले.

त्यानंतर आमच्या नातवाने ही गोष्ट आम्हांस समजावून दिली. तो त्या वेळी महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्र शाखेत शिकत होता. याच शाखेचे मूळ म्हणजे १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी स्थापिलेले कलाभवन. त्याने पुस्तकातील आकृती काढून दाखविली ती आम्हांस कळली नाही. मग त्याने गोदामातील ढकलगाडी ओढून आणली, आणि तेथून सारे उलगडत गेले.

आपण सर्वांनी पोती हलविण्याची ती लहान चाकांची ढकलगाडी पाहिली आहे. तिची पुढची चाके ज्या खुंट्यावर फिरतात, तो खुंटा चाकाच्या बरोबर डोक्यावर नसतो. चाक खुंट्याच्या थोडे मागे असते. गाडी ज्या दिशेस ढकलावी त्या दिशेस चाक आपोआप वळते व खुंट्याच्या मागे मागे येते. चाक ज्या ठिकाणी जमिनीला टेकते ते ठिकाण वळण्याच्या रेषेच्या मागे असल्यामुळे ही शिस्त येते. या अंतरास इंग्रजीत 'ट्रेल' म्हणतात. आम्ही त्यास 'पिछाडी' म्हणू.

फटफटीत खुंटा उभा नसून तिरका असतो. हँडलाचा दांडा ज्या रेषेभोवती फिरतो, ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढविली तर ती चाकाच्या पुढे टेकते. चाक स्वतः आपल्या आसाच्या बरोबर खाली टेकलेले असते. या दोन टेकांमधील अंतर ती पिछाडी. दांडा उभ्या रेषेपासून जितका झुकलेला असेल तो त्याचा 'कल', म्हणजेच 'रेक'. आणि तिसरी एक गोष्ट आहे, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही: चिमट्याचे पाय दांड्याच्या रेषेवरच नसतात, 'टी'च्या योगाने ते थोडे पुढे धरलेले असतात. ही पुढची सूट जितकी अधिक, तितका चाकाचा आस पुढे जातो व पिछाडी कमी होते.

आता आकडे मांडून पाहू. व्यापाऱ्यास आकड्यावाचून समाधान नाही. आमच्या गाडीच्या चाकाची त्रिज्या साडेबारा इंच, आणि चिमट्याची पुढची सूट अडीच इंच. मूळचा कल २७ अंश होता, तेव्हा पिछाडी साडेतीन इंचांच्या आसपास भरत होती. मिस्त्रीने कल ३६ अंश केला आणि सूट तेवढीच ठेवली. पिछाडी झाली सहा इंच. त्याने हँडल जड करण्याचा हेतू धरला नव्हता, केवळ चित्रासारखे केले होते.

पिछाडी वाढली म्हणून बिघडले काय? दोन चाकांच्या फटफटीवर फारसे बिघडत नाही. ती वळणात अंग टाकते. स्वाराचे वजन, गाडीचे वजन आणि रस्त्याचा रेटा हे सर्व एका रेषेत येऊन हँडल जवळजवळ स्वतःच तोललेले राहते. म्हणूनच लांब पल्ल्याच्या भारी मोटारसायकलींना पाच-सहा इंचांची पिछाडी मुद्दाम ठेवतात. सरळ रस्त्यावर गाडी कशी दोरीत चालते. तीनचाकी गाडी मात्र अंग टाकूच शकत नाही. मागची दोन चाके तिला सरळ उभी धरतात. वळणात रस्ता पुढच्या चाकाला आडवा रेटा देतो, तो रेटा पिछाडीच्या लांबीने हँडलास सरळ करू पाहतो, आणि त्याविरुद्ध लावण्यास चालकाच्या दोन बाहूंवाचून दुसरे काही नसते.

हा रेटा किती? सुमारे सोळा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर तिच्या वजनाच्या तीन-दशांश इतका आडवा जोर येतो. पुढच्या चाकावर १२० किलोंचा भार धरला तर ३६ किलो झाले. पिछाडी जमिनीवर मोजण्याऐवजी दांड्याच्या रेषेशी काटकोनात मोजली असता थोडी कमी भरते: मूळच्या गाडीत सुमारे आठ सेंटिमीटर, बदललेल्या गाडीत सव्वाबारा. हँडलाची मूठ मध्यापासून ३५ सेंटिमीटरांवर. तागडीच्या दांडीचाच हा हिशेब: आधी मुठींवर सव्वाआठ किलोंच्या आसपास जोर लावावा लागत होता, नंतर साडेबारांहून थोडा अधिक. एका वळणास हे काहीच नव्हे. पण आमच्या गाडीच्या फेऱ्यांत दिवसाची वळणे कित्येक शेकडा होती. धारणेत शेरामागे छटाकाची चूक आम्ही ताबडतोब पकडली असती. येथे एका मनुष्याच्या खांद्यांवर दीडपट ओझे चढले आणि आम्ही त्याला सवयीचा प्रश्न समजलो.

दुसरा दोष याहून फसवा आहे, आणि अपघात त्यानेच घडविला. दांडा तिरका असला की हँडल वळविताना गाडीचे डोके किंचित खाली बसते. उभ्या गाडीचे हँडल हळूच एका बाजूस वळवून पाहा. थोडे वळले की पुढे ते स्वतःच्या वजनाने पडू लागते. हे पडणे कल व पिछाडी या दोहोंच्या गुणाकाराने वाढते. आमच्या गाडीत ते जवळजवळ दुप्पट झाले होते. म्हणजे वेगात असताना हँडल सरळ राहण्याचा हट्ट करी आणि अगदी मंद गतीत, माल भरलेला असताना, उलट खाली पडण्याचा. थकलेल्या हातांस एकाच दिवशी दोन विरुद्ध दिशांनी झुंजावे लागे. त्या वळणावर गाडी जवळजवळ थांबलेलीच होती, म्हणून हे दुसरे वैगुण्य प्रबळ ठरले.

आता पुतण्याच्या अर्ध्या सत्याकडे येऊ. परदेशांत तीनचाकी फटफटींच्या चिमट्याचा कल खरोखरच वाढवितात. परंतु कोणाचा कल? दांड्याचा नव्हे, केवळ पायांचा. दांड्याची नळी होती तशीच ठेवून 'टी' अशी बनवितात की चिमट्याचे पाय दांड्याच्या रेषेपेक्षा काही अंश अधिक पुढे झुकावे. त्यामुळे आस पुढे सरकतो, चाकाचा टेक दांड्याच्या रेषेजवळ येतो आणि पिछाडी कमी होते. नळी झुकविली तर पिछाडी वाढते. पाय झुकविले तर घटते. बाहेरून पाहणारास दोन्ही गाड्यांचे चिमटे सारखेच लांब व पुढे झुकलेले दिसतात. चित्रावरून हा भेद ओळखणे जवळजवळ अशक्य, आणि एकच 'रेक' हा शब्द दोन्ही गोष्टींना लावण्याची जी पद्धत पडली आहे तिने घोटाळा पुरा केला आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण हार्ले-डेव्हिडसन कंपनीचे. या कंपनीला तीन चाकांची गाडी नवी नाही. तिची 'सर्व्ही-कार' १९३२ पासून १९७३ पर्यंत बनत होती. मोटारगॅरेजचा नोकर ती घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जाई, येताना गिऱ्हाइकाची मोटार चालवीत आणी व ही गाडी मागे आकड्याने जोडून ओढीत आणी. पोलीसही ती पुष्कळ वापरीत. (आपल्या दिल्लीतही महायुद्धानंतर सैन्याच्या जुन्या हार्ले मोटारसायकलींना मागे दोन चाके लावून 'फटफटी' नावाची सवारी चालत असे, १९९० च्या दशकाच्या अखेरीस धुराच्या कारणाने ती बंद झाली. आम्ही तरुणपणी कॅनॉट प्लेसहून लाल किल्ल्याकडे तिच्यातून गेलो आहोत आणि कानांत दोन दिवस घुमत राहिले होते.) पुढे २००९ च्या सालासाठी कंपनीने 'ट्राय ग्लाइड' ही नवी तीनचाकी काढली. तिच्या जातीची जी दोनचाकी 'इलेक्ट्रा ग्लाइड', तिच्या दांड्याचा कल २६ अंश. तीनचाकीच्याही दांड्याचा २६ अंशच. पण चिमट्याचे पाय दोनचाकीत सुमारे २९ अंशांवर, तीनचाकीत सुमारे ३२ अंशांवर. परिणाम असा की दोनचाकीची पिछाडी ६.७ इंच, तर तीनचाकीची चार इंचांच्या आसपास. हा एवढासा फरक हातांना मोठा आधार देतो.

बाजूगाडी लावलेल्या मोटारसायकलीचे दुखणेही हेच, कारण तीही अंग टाकू शकत नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९५५ ते १९६९ पर्यंत आपल्या गाड्यांना अर्ल्स या इंग्रज गृहस्थाच्या नावाचा चिमटा वापरला. त्यात पुढचे चाक एका आडव्या झुल्यावर बसविलेले असे, आणि त्या झुल्याच्या खिळीसाठी दोन निरनिराळ्या जागा ठेवलेल्या असत: एक एकट्या गाडीसाठी, दुसरी बाजूगाडीसाठी. खिळ दुसऱ्या जागी बसविली की आस पुढे जाऊन पिछाडी कमी होई. काहीही न कापता, न जोडता, केवळ एक खिळ हलवून काम होत असे, या युक्तीचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. आपल्या ओळखीची लहान चाकांची रिक्षा, जिचे कूळ इटलीच्या पियाज्जिओ कंपनीने १९४८ मध्ये काढलेल्या 'आपे' गाडीपर्यंत जाते, तिला या प्रश्नाची झळ कमी लागते. चाकाची त्रिज्याच लहान असल्याने तेवढ्याच कलास पिछाडी थोडी पडते.

मग पिछाडी शून्यच का करू नये, असे आम्ही नातवास विचारले. तो हसला. ढकलगाडीचे चाक खुंट्याच्या अगदी खाली आणा, ते कोठेही भटकेल. पिछाडी फार कमी झाली की ताशी वीस-तीस किलोमीटर वेगाला, विशेषतः गती कमी होत असता, हँडल डावी-उजवीकडे थरथर हलू लागते; हात सुटला तर ती थरथर वाढत जाते. म्हणून तीनचाकी फटफटीस साधारणपणे तीन ते चार इंचांची पिछाडी ठेवतात, आणि उरलेली थरथर दाबण्यासाठी हँडलास एक लहान दट्ट्या, ज्यास डँपर म्हणतात, लावतात. डँपर हा जड हँडलावरचा उपाय मात्र नव्हे. काही दुकानदार तो तसा सांगून विकतात.

केवळ लांब चिमटा बसविला आणि नळीस हात लावला नाही, तरीही निभत नाही. चाकांमधील अंतर ८० इंच असलेल्या गाडीस चार इंच लांब चिमटा घातला, तर पुढचे अंग साडेतीन इंचांनी उचलले जाते व संपूर्ण चौकट मागे कलते; दांड्याचा कल अडीच अंशांनी वाढतो आणि पिछाडीत अर्ध्या इंचाहून अधिक भर पडते. लांबी वाढल्याने गाडीस वळावयास जागाही अधिक लागते, हे गल्लीबोळांतून माल पोचविणाऱ्यांच्या ध्यानी असावे.

पोती कशी रचावी, हेही यातच येते. माल मागच्या आसाच्या फार मागे गेला तर पुढचे चाक हलके होते. हँडल हलके लागते म्हणून चालक खूश असतो, पण ओल्या रस्त्यावर हँडल वळले तरी गाडी सरळच जाते. माल फार पुढे आला तर चाकावरचा भार वाढून वर सांगितलेले सारे किलो वाढतात. माल आसाच्या किंचित पुढे व शक्य तितका खाली असावा. उंच रचलेल्या पोत्यांमुळे होणारे कलंडणे कोणत्याही चिमट्याने थांबत नाही. तीनचाकी गाडी पुढचे चाक व मागचे बाहेरचे चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून उलटते, आणि वळणात ब्रेक दाबला तर अधिकच लवकर.

पिछाडी मोजण्यास ओळंबा, सरळ पट्टी व खडू एवढेच लागते. गाडी सपाट फरशीवर, नेहमीच्या मालासह, चाक सरळ ठेवून उभी करावी. रिकाम्या गाडीचा कल निराळा असतो. पुढच्या चाकाच्या आसाच्या मध्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी. नंतर हँडलाचा दांडा ज्या नळीत फिरतो, तिच्या मध्यरेषेशी बाजूने पट्टी जुळवून ती रेषा जमिनीपर्यंत आणावी व दुसरी खूण करावी. येथे पट्टी चिमट्याच्या पायांशी जुळविण्याची चूक बहुतेक सर्व मिस्त्री करतात. आमच्या पहिल्या मोजणीत आम्हीही केली. दुसरी खूण पहिलीच्या पुढे पडली पाहिजे. दोन खुणांमधील अंतर ती पिछाडी. ते पाच इंचांहून अधिक भरले तर चालकास त्याचे हात कसे आहेत हे विचारावे.

चौकटीची नळी कापून जोडणे हे कायद्यासही मान्य नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा असा बदल मालकास मनाई आहे. ही जबाबदारी मिस्त्रीची नसून मालकाची आहे, हे आम्हांस नंतर कळले.

आम्ही ती जोडलेली चौकट मोडीत काढून मूळच्या मापाची दुसरी आणली. चालकाच्या उपचाराचा खर्च व तीन महिन्यांचा पगार पेढीने दिला. मनगट जुळले, परंतु पावसाळ्यात ते अजून दुखते, आणि पुढे दोन वर्षांनी त्यांनी गाडी चालविणे सोडले. आता ते आमच्या गोदामाची आवक-जावक पाहतात. गोदामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या तीनचाकीखाली ओळंबा तेच सोडतात आणि खडूच्या दोन खुणांमधील इंच वहीत लिहून ठेवतात. मागील दिवाळीपर्यंत त्या वहीत चौदा गाड्यांची नोंद झाली होती. त्यांतील दोन त्यांनी मालकांकडे परत पाठविल्या.